करडाला चंद्रावर जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या याच सदरात एका पालकांचे पत्र आले होते. मुलांना व्याकरणाचा कंटाळा येतो, मार्कांपुरते पाठ करतात आणि विसरतात, तेव्हा प्राथमिक शाळेतून व्याकरण काढूनच टाकावे, असा त्याचा आशय होता. ते पत्र मी तीनदा वाचले. कंटाळा येतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तेहतीस वर्षे शिकवले, आधी जत तालुक्यात, मग आटपाडीत, शेवटी खानापुरात, आणि हा कंटाळा सगळीकडे पाहिला. पण माझ्या अनुभवाप्रमाणे मुले कंटाळतात ती आपण त्यांना सरावाला देतो त्या वाक्यांना.

‘राम आंबा खातो. रामाने आंबा खाल्ला.’ हीच वाक्ये माझ्या आईने पाटीवर लिहिली, मी वहीत लिहिली आणि पुढे फळ्यावरही लिहिली. प्रयोग समजावून सांगायला ती नेमकी आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त एवढ्या वर्षांत एकाही मुलाने मला विचारले नाही, की बाई, आंबा खाल्ल्यावर रामाने पुढे काय केले? ज्या वाक्याच्या पुढचे ऐकावेसे वाटत नाही, त्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण याचे मुलाला काय पडले असणार!

निवृत्त झाल्यापासून मी विट्यात असते. संध्याकाळी माझ्या ओसरीवर तिसरी ते सहावीची चौदा मुले येतात. फी नाही. वही आणि पाण्याची बाटली आणायची, एवढेच. एका मुलाच्या आईने मध्यंतरी एका खासगी प्रकाशनाची सरावपुस्तिका मोठ्या हौसेने आणून दिली. विषय होता अंतराळातली सफर. कागद गुळगुळीत, चित्रे सुंदर. मलाही आनंद झाला. मग आम्ही वाचायला बसलो. ‘अंतराळवीर त्याचा हेल्मेट घालतो.’ ‘तिथे आहेत पाच तारे आकाशात.’ ‘रॉकेटने बनवला त्याचा मार्ग चंद्राकडे.’ पाचवीतली एक मुलगी थांबून म्हणाली, “बाई, ह्ये कोण बोलतंय?” तिला चूक दाखवता आली नाही, पण ऐकू आली होती. आपल्याकडे माणूस ‘आपले’ हेल्मेट घालतो. ‘त्याचे’ म्हटले की ते दुसऱ्या कुणाचे तरी झाले. शिवाय हेल्मेट आपण ‘ते’ म्हणतो, म्हणजे ‘त्याचा हेल्मेट’ तर दोन्ही बाजूंनी अडले. वाक्ये इंग्रजीतून उचललेली होती आणि सरावही इंग्रजीचाच होता. मराठी मूल जिथे खरोखर अडखळते, त्या सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाचा, एकही प्रश्न चाळीस पानांत नव्हता.

आणखी एका गोष्टीचे मला जास्त वाईट वाटले. ‘यानाच्या खिडकीतून तारे लुकलुकताना दिसले’, ‘चंद्रावर उतरताना कानठळ्या बसवणारा आवाज झाला’, अशी वाक्ये त्यात होती. तारे लुकलुकतात ते आपल्या डोक्यावरच्या हवेमुळे. हवेच्या बाहेर गेल्यावर ते स्थिर दिसतात. चंद्रावर हवाच नाही, तर आवाज कानापर्यंत कशातून येणार? मी ती वाक्ये खोडली नाहीत. ‘नकारार्थी करा’ या सरावाला घेतली. ‘अंतराळातून तारे लुकलुकताना दिसत नाहीत.’ ‘चंद्रावर आवाज ऐकू येत नाही.’ व्याकरणाचा प्रश्न सुटला आणि वाक्यही खरे झाले.

त्या पुस्तिकेनंतर आम्ही ठरवले, की आपली सफर आपणच लिहायची. खरे तर तिचे बीज आधीच पडले होते. २३ ऑगस्ट २०२३ या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझ्या टीव्हीसमोर ही मुले आणि त्यांची भावंडे दाटीवाटीने बसली होती. सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम, पोटात प्रज्ञान ही बग्गी घेऊन, चंद्रावर उतरला आणि शेजारच्या आजीसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. ‘विक्रम चंद्रावर उतरला.’ ‘विक्रमने माहिती पाठवली.’ ‘विक्रमने प्रज्ञानला जमिनीवर उतरवले.’ एकाच घटनेत कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तिन्ही प्रयोग आले. आदल्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे व्याकरण होते ते, एकही मूल खिडकीबाहेर बघत नव्हते.

प्रयोग हा भाग मुलांना सर्वांत जड जातो. तो सोपा केला एका सहावीतल्या मुलाने, मी नव्हे. आम्ही तिघांना उभे करायचो, एक कर्ता, एक कर्म, एक क्रियापद. क्रियापदाने कुणाकडे तरी बघून आपले रूप ठरवायचे. ‘विक्रम उतरला, बग्गी उतरली, यान उतरले’, म्हणजे क्रियापद कर्त्याकडे बघते आहे. मग कर्त्याला ‘ने’ लागला, ‘विक्रमने माहिती पाठवली, विक्रमने नकाशा पाठवला, विक्रमने चित्र पाठवले’, तेव्हा क्रियापद वळून कर्माकडे बघायला लागले. असे का, हे मला मुलांच्या शब्दांत सांगता येईना. तो मुलगा म्हणाला, “बाई, ‘ने’ म्हंजी हेल्मेट. त्ये घातलं की त्वांड दिसत न्हाई. मग क्रियापद वळखंल कसं?” आणि कर्मानेही ‘ला’चे हेल्मेट चढवले, तर क्रियापदाला कुणीच ओळखू येत नाही. ते बिचारे ‘उतरवले’ असे नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. प्रज्ञानच्या जागी बग्गी घाला, यान घाला, ‘बग्गीला उतरवले, यानाला उतरवले’, ते हलत नाही. तेहतीस वर्षांत मला इतके स्वच्छ सांगता आले नव्हते. तेव्हापासून ओसरीवर प्रत्ययाला हेल्मेटच म्हणतात.

आता करडाची गोष्ट. आमच्या सफरीत यान होते, चार मुले होती. धनगरवाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने हट्ट धरला, की करडूही न्यायचे. तिच्या घरी शेळीला नुकतीच दोन करडे झाली होती. मी क्षणभर विचार केला आणि मला दिसले, की या एका प्राण्याने लिंगाचा अख्खा धडा दारात आणून उभा केला आहे. तो बोकड, ती शेळी, ते करडू. तो चंद्र, ती पृथ्वी, ते यान. शुक्र हा ग्रह ‘तो’, पण त्यालाच आपण पहाटे शुक्राची चांदणी म्हणतो तेव्हा ‘ती’. ही जोडी मुलांनी स्वतः शोधली आणि दोन दिवस एकमेकांना सांगत फिरली. रॉकेट ‘तो’ की ‘ते’, यावर तर भांडण झाले. मी निकाल दिला नाही. म्हटले, घरी जाऊन चार मोठ्या माणसांना ‘रॉकेट उडाला’ आणि ‘रॉकेट उडाले’ म्हणून दाखवा आणि कानाला काय बरे वाटते ते विचारा. दुसऱ्या दिवशी ‘ते’ जिंकून आले. मराठीत नव्याने आलेल्या शब्दाला लिंग असे लोकांच्या तोंडूनच मिळते, हे मुलांना त्यातून कळले.

पण करडू खरे कामाला आले ते सामान्यरूपात. पहिल्याच दिवशी एकाने लिहिले, ‘करडूला यानात बसवले.’ त्या मुलीला ते सहन झाले नाही. “करडूला न्हाई, करडाला!” तिला नियम कुणी शिकवला नव्हता. घरी रोज ‘करडाला पाणी दाव’ ऐकूनच ती मोठी झाली होती. मग आम्ही ऊकारान्त शब्द गोळा करायला लागलो. करडू, करडाला. पाखरू, पाखराला. लेकरू, लेकराला. विंचू, विंचवाला. भाऊ, भावाला. आणि धूमकेतू? तो हट्टी निघाला. धूमकेतूला, धूमकेतूवर, धूमकेतूपासून, कुठेही बदलत नाही. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द आहे, म्हणून त्याची चाल वेगळी. एक पूर्ण आठवडा आमचे यान त्या धूमकेतूमागे फिरले आणि मुलांनी वहीची पाने भरली. मी एकदाही ‘लिहा’ म्हटले नाही.

गावांची नावेही अशीच उपयोगी पडली. एसटीत आपण विट्याहून मिरजेला जातो. विटाहून मिरजला असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. तसेच १४ जुलै २०२३ रोजी दुपारी चंद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून चंद्राकडे निघाले. विटा, विट्याहून. श्रीहरिकोटा, श्रीहरिकोट्याहून. एकच किल्ली दोन्हीकडे लागते. पुढे तासगावला, सांगलीला, पुण्याला, साताऱ्याला असे करत गेलो. ‘साताऱ्याला’पाशी तिसरीतली सर्वांत लहान मुलगी ओरडली, “बाई, साताऱ्यात तारा हाय!” तारा, ताऱ्याला. सातारा, साताऱ्याला. तिच्या डोळ्यांतला तो आनंद मी विसरणार नाही.

विशेषणे तांबड्या ग्रहावर शिकलो. ‘लाल ग्रह, लाल ग्रहावर’, इथे लाल तसाच राहतो. ‘तांबडा ग्रह’ म्हटले, की ‘तांबड्या ग्रहावर’ म्हणावे लागते आणि मातीपुढे तेच विशेषण ‘तांबडी’ होते. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्या ग्रहाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. मी त्यांना ते सांगितले, तर त्यांना ती फार जुन्या काळची गोष्ट वाटली. संख्याविशेषणांना चंद्राचे गुरुत्वाकर्षण पुरले. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या साधारण एक षष्ठांश भरते, म्हणून स्प्रिंगच्या काट्यावर आमचे सहा किलोचे करडू तिथे एकच किलो भरेल. सव्वीस किलोंचा प्रज्ञान किती भरेल, हा भागाकार त्यांनी न सांगता केला.

एक दिवस मात्र कठीण गेला. करडू अंतराळात गेले, तसा खरा कुठला प्राणी गेला होता का, असे मुलांनी विचारले. मी लायका या कुत्रीचे सांगितले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने तिला यानातून पाठवले. त्या यानाला परत आणायची सोयच नव्हती. फळ्यावर मी लिहिले होते, ‘लायका परतली नाही.’ बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धनगरवाड्यावरची मुलगी उठली, तिने खडू घेतला आणि खाली लिहिले, ‘आमचे करडू परत येईल.’ साधा भविष्यकाळ. त्या दिवशी काळांचा तक्ता मी भिंतीवरून काढूनच ठेवला, पुन्हा लावलेला नाही.

संकेतार्थही असाच आला. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ चा विक्रम चंद्राच्या अगदी जवळ असताना संपर्क तुटला होता. ‘संपर्क तुटला नसता तर शास्त्रज्ञ रडले नसते’, असे एकाने लिहिले. ‘तेव्हा यान उतरले असते तर आम्ही टीव्हीपुढे नाचलो नसतो’, असे दुसऱ्याने. त्यावर पुष्कळ वाद झाला. ‘जर–तर’ची वाक्ये पाठ करून घेताना मी पूर्वी किती रागवायचे, ते आठवून मला अपराधी वाटले.

आमच्या या भागाची एक गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. खानापूर, आटपाडीकडची पुष्कळ माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी घर सोडून तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत गेलेली आहेत. माझ्याकडच्या चौदांपैकी पाच मुलांचे वडील असे बाहेर आहेत. पूर्ण भूतकाळासाठी मी सुनीता विल्यम्स यांचे उदाहरण घेतले. ‘त्या आठ दिवसांसाठी गेल्या होत्या. त्या २८६ दिवसांनी परतल्या.’ ५ जून २०२४ रोजी त्या निघाल्या आणि आपल्या घड्याळाप्रमाणे १९ मार्च २०२५ च्या पहाटे समुद्रात उतरल्या. ‘एकट्या बाईला गेल्या, परतल्या का म्हणायचे’, हा प्रश्न आला आणि आदरार्थी बहुवचन सांगून झाले. एक चौथीतला मुलगा गप्प होता. त्याने वहीत लिहिले होते, ‘माझे पप्पा दिवाळीला कोइमतूरहून आले होते. ते आठ दिवस राहिले होते. ते परत येतील.’ तिन्ही वाक्ये बिनचूक होती. ‘आले होते, राहिले होते, येतील’ हे सगळे आदरार्थी. पंचमीही बरोबर. मी खाली सही केली आणि ‘छान’ लिहिले. त्याहून वेगळे काय लिहावे, हे मला सुचले नाही.

बोलीबद्दलही लिहायलाच हवे, कारण त्या पालकांच्या पत्रात ‘खेड्यातल्या मुलांना व्याकरण जमत नाही’ असे एक वाक्य होते. माझ्याकडचे मूल पहिल्या दिवशी लिहिते, ‘यान चंद्रावं गेलंया.’ यावर तांबडी फुली मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत, तरुणपणी मीही मारली आहे. पण जरा थांबून बघा. ‘जातंया’ म्हणजे जात आहे. ‘गेलंया’ म्हणजे गेले आहे. ‘गेलं व्हतं’ म्हणजे गेले होते. अपूर्ण वर्तमान, पूर्ण वर्तमान, पूर्ण भूत, तिन्ही काळ त्या मुलाच्या जिभेवर आधीपासून वेगवेगळे आणि बिनचूक आहेत. त्याला व्याकरण येते. आपण द्यायची ती फक्त नावे आणि पुस्तकातली रूपे. मी फुली मारत नाही. त्याच्या ओळीखाली ‘यान चंद्रावर गेले आहे’ असे लिहिते आणि दोन्ही ओळी मोठ्याने वाचून घेते. महिन्याभरात मूल दोन्ही मराठी ओळखायला लागते आणि घरच्या भाषेची लाजही धरत नाही.

अंतराळाचा विषय मराठीत कसा मांडणार, अशी शंका काहींना येते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी आयुष्यभर विश्वाचे गूढ उकलताना मराठीतून विज्ञानकथा लिहिल्या, त्यांना आपली भाषा अपुरी पडली नाही. चौथीच्या सरावाला ती कशी पडेल? शब्द लागतील तसे घ्यावेत. आमच्या वाक्यांत अवकाशयान आहे तसेच रॉकेटही आहे, ऑक्सिजन आहे तसा प्राणवायूही आहे. दोन्हींना ‘ला’ लावताना काय होते, ते बघणे हाच तर सराव.

माझी विनंती अशी. आपल्या रविवारच्या बालपुरवणीत तळाला जो चौकोन बहुधा जाहिरात नसली की सुविचाराने भरला जातो, तो आम्हाला द्यावा. दर आठवड्याला आठ वाक्यांचा एक टप्पा, गोष्ट पुढे सरकणारी, प्रत्येक टप्प्यात व्याकरणाचा एकच मुद्दा. उत्तरे पुढच्या रविवारी, म्हणजे मुले गोष्टीसाठी थांबतील आणि उत्तरही तपासतील. माहिती खरी असेल, याची जबाबदारी मी घेते. जिथे मला खात्री नसेल ते वाक्य मी पाठवणार नाही. मानधन नको. फक्त दोन अटी आहेत. एक, वाक्ये दुसऱ्या भाषेतून आणलेली नकोत, कारण मग सामान्यरूप, लिंग आणि प्रयोग हे मराठीचे सांधेच त्यांतून निसटतात. दुसरी, मुलांनी पाठवलेली वाक्ये छापताना त्यांची बोली पुसून टाकू नये, खाली प्रमाण रूप द्यावे.

जिल्ह्यातल्या इतर शिक्षकांनाही सांगावेसे वाटते, की तुमच्या वर्गातल्या मुलांना करडू नको असेल तर दुसरे काही न्या. तासगावकडच्या मुलांनी द्राक्षांची पेटी न्यावी, सांगलीच्या मुलांनी हळद. पेटी ‘ती’, हळद ‘ती’, पण हळदीला आणि पेटीला यांत काय फरक पडला, ते वाटेत बघावे.

आमचे करडू सध्या चंद्रावरून निघाले आहे. पृथ्वी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर दूर आहे. ते उतरणार कुठे, यावर ओसरीवर दोन गट आहेत. एक म्हणतो समुद्रात, सुनीता विल्यम्स उतरल्या तसे. दुसरा म्हणतो आमच्याकडच्या येरळा नदीच्या पात्रात, कारण उन्हाळ्यात तिथे पाणी नसते आणि करडाला पोहता येत नाही. हे मी वाचकांवर सोपवावे म्हणते.

पहिली आठ वाक्ये वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवत आहे. छापताना एकच काळजी घ्यावी, ‘ताऱ्यावर’ आणि ‘साताऱ्याला’ यांतला ऱ्या नीट यावा. मोबाइलवर तो पुष्कळदा ‘र्या’ होऊन येतो आणि सर्वांत लहान मुलगी त्यावर लगेच बोट ठेवते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
विटा, जि. सांगली